लोहगडाला जाताना गाडी कोणत्या बाजूची धरावी?

दिवाळीची सुट्टी सरली, खरिपाची कामे उरकली, की शाळाशाळांतून सहलीचा विषय निघतो. सहल एका दिवसाची हवी, खर्च बेताचा हवा, आणि मुलांना इतिहासही दिसला पाहिजे, अशा तीन अटी असतात. पुणे, ठाणे, रायगड या जिल्ह्यांतील शाळांपुढे मग एक नाव हमखास येते, ते लोहगडाचे. कारण उघड आहे. आगगाडीतून उतरावे आणि दुसरे कोणतेही वाहन न करता पायीच माथ्यावर पोचावे, असे डोंगरी किल्ले आपल्याकडे थोडे. लोहगडाला मळवली स्टेशन आहे. मळवलीला उतरावे, भाज्याच्या वाटेने चालू लागावे, आणि दोन-अडीच तासांत गडाच्या पहिल्या दरवाज्याशी उभे राहावे. संध्याकाळच्या गाडीने परत घरी.

तेव्हा प्रश्न उरतो तो गाडीचा. मळवलीला दोन बाजूंनी येता येते. एक वाट पुण्याकडून, इंद्रायणीच्या खोऱ्यातून येते. दुसरी मुंबईकडून, कर्जतवरून बोरघाट चढून येते. तुम्ही म्हणाल, यात विचार करण्यासारखे काय आहे? जो पुण्याकडचा तो पुण्याकडून येईल, जो ठाण्याकडचा तो घाट चढून येईल. व्यवहार म्हणून हे बरोबरच आहे. पण इतिहास शिकविणाऱ्याने येथे घटकाभर थांबावे असे मला वाटते. 'हा किल्ला इथेच का बांधला?' हा मुलांचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर गडावर कमी व गाडीच्या खिडकीत जास्त आहे.

आधी पुण्याकडची वाट पाहू. ही वाट सोयीची, स्वस्त आणि झोप न मोडणारी. पुण्याहून लोणावळ्याची लोकल धरली की खडकी, पिंपरी, चिंचवड, देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत अशी स्टेशने घेत ती सव्वा तासाच्या आसपास मळवलीला पोचते. गाडी बदलावी लागत नाही. चाळीस मुले बरोबर असली म्हणजे गाडी न बदलण्याचे मोल काय असते, ते शिक्षकांना मी सांगायला नको. या वाटेवर चढ असा जाणवतच नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आणि लोणावळे सुमारे ६२० मीटर. म्हणजे चौसष्ट किलोमीटरच्या पल्ल्यात चढ जेमतेम साठ मीटरांचा. दोन्ही अंगांना भाताची खाचरे, आणि कामशेत मागे पडले की डाव्या हाताला आधी विसापूरचा लांबलचक माथा, मग त्याच्या आडून लोहगड.

या वाटेवर इतिहास नाही असे मात्र कोणी म्हणू नये. वडगाव स्टेशन आले की मुलांना खिडकीशी बोलवावे. इंग्रजांनी मराठ्यांपुढे शरणागतीचा तह केला तो येथे, जानेवारी १७७९ मध्ये. राघोबादादांना पुण्यात आणून बसवायचे म्हणून मुंबईकर इंग्रजांची फौज निघाली होती. सैनिक सुमारे ३,९००, आणि त्यांच्या सामानसुमानाचे बैल १९,००० च्या घरात! एवढे लटांबर घेऊन ती फौज १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढली आणि वर आल्यावर मुंगीच्या पावलाने सरकू लागली. महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांच्या बाजूने समोरासमोर मोठी लढाई देण्याची घाई केली नाही. पुढचा मुलूख ओसाड करून ठेवला, चारा जाळला, आणि मागच्या वाटेवर छापे घातले. कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्याच्या धाडसामुळे मराठ्यांनीच त्याला 'इष्टुर फाकडा' असे नाव ठेवले होते. तळेगावापर्यंत येऊन फौज मागे फिरली, तोफा तळ्यात टाकल्या, आणि वडगावला कोंडली गेली.

आता ही गोष्ट पुण्याकडून आलेल्या मुलांना सांगा आणि त्यांचे चेहरे पहा. गोष्ट आवडते, पण तिचा कणा त्यांच्या हाती लागत नाही. मागची वाट तोडली म्हणजे नेमके काय तोडले? फौजेला परत जाणे इतके अवघड का झाले? सपाट खोऱ्यातून आरामात आलेल्या मुलाला हे कसे कळणार? आमच्या कॉलेजातील एका विद्यार्थ्याने मला लोहगडावर उभे राहून विचारले होते, "सर, शत्रू यायचा तरी कुठून?" प्रश्न अगदी रास्त होता. ज्या बाजूने शत्रू यायचा ती बाजू त्याने पाहिलीच नव्हती.

म्हणून दुसरी वाट. कर्जत स्टेशन समुद्रसपाटीपासून फार वर नाही, ते कोकणातलेच. येथे घाट चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिने लावतात. रेल्वेची माणसे त्यांना बँकर म्हणतात. ही इंजिने लागताना मुलांना फलाटावरून दाखवावीत, म्हणजे पुढे काय वाढून ठेवले आहे ते सांगावे लागत नाही. गाडी हलली की थोड्याच वेळात पळसदरी येते, आणि तेथे रूळ फुटतात. एक फाटा उजवीकडे खोपोलीला जातो आणि डोंगराच्या पायथ्याशी संपतो. दुसरा घाटाला लागतो. हा खोपोलीचा फाटा म्हणजे रुळांत लिहून ठेवलेला इतिहास आहे. तो नीट वाचू या.

आपल्या देशातील पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले आणि १८५६ मध्ये खोपोलीला. तेथे सह्याद्री आडवा आला. तिकडे वर पठारावर खंडाळा ते पुणे असा लोहमार्ग १८५८ मध्ये तयार झाला. म्हणजे खाली गाडी, वर गाडी, आणि मधला घाट मोकळा! पुढची पाच वर्षे मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस खोपोलीला गाडीतून उतरे, पालखीत, तट्टावर, गाडीत किंवा पायी घाट चढे, आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसे. इंजिनाचे युग आले तरी त्या मधल्या टापूत पूर्वीच्याच प्रवाशांसारखी माणसे धापा टाकीत होती.

हा घाट टाळता आला नसता का? सह्याद्रीत घाटवाटा काही एक-दोन नाहीत. माळशेज आहे, कुसूर आहे, नाणेघाट आहे. रेल्वेच्या आरंभीच्या आराखड्यात माळशेजचा विचार झालाही होता. पण जेम्स बर्कले या मुख्य अभियंत्याने पाहण्या केल्या आणि शेवटी दोन घाट मुक्रर केले. उत्तरेला थळघाट, म्हणजे आपला कसारा-इगतपुरीचा. आणि पुण्या-सोलापूरकडे जाण्यासाठी बोरघाट. आत्ताच एक गोष्ट सांगून टाकतो. याचे नाव बोरघाट. इंग्रजी कागदांत त्याचा 'भोर' झाला आणि आता पुष्कळ मराठी माणसेही भोरघाट म्हणू लागली आहेत. भोर गाव तिकडे दक्षिणेला नीरेकाठी आहे. त्याचा या घाटाशी संबंध नाही.

बैल चढतो तसा चढ आगगाडीला चढता येत नाही, कारण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते. बोरघाटात ठेवलेला जास्तीत जास्त चढ सदतीसास एक असा आहे. म्हणजे सदतीस पावले पुढे जावे तेव्हा एक पाऊल वर. फळ्यावर अशी रेघ काढून दाखवा. मुलांना वाटेल, हा कसला चढ! पण रेल्वेच्या हिशेबात हा उभा कडा झाला. एवढ्या बेताने १,८३१ फूट वर जायचे, तर रूळ पावणेसोळा मैल वळवीत न्यावे लागले. त्यासाठी २५ बोगदे खणले आणि दरीवर आठ मोठे पूल बांधले. तरीही एके ठिकाणी वळण घ्यायला डोंगराने जागाच दिली नाही. तेथे गाडी पुढे नेऊन थांबवायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि उलट दिशेने वर चढायचे, अशी युक्ती करावी लागली. १९२९ पर्यंत गाड्या अशाच जात. त्या वर्षी नवा मार्ग काढून ही उलटापालट बंद केली. त्याच सुमारास घाटात विजेची इंजिने आली आणि १ जून १९३० पासून 'दख्खनची राणी' धावू लागली.

या कामाचा मक्ता पहिल्याने ज्याने घेतला त्याच्या हातून ते निभले नाही. १८५९ च्या आरंभी मजुरीवरून मजुरांची दंगल झाली आणि त्याने मक्ता सोडला. दुसरा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी विलायतेहून आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने वारला. त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल यांनी, काम टाकून दिले नाही. जाणत्या अभियंत्यांच्या हाती कारभार देऊन त्यांनी मक्ता पुरा केला. १८६३ मध्ये घाट वाहतुकीला खुला झाला. बर्कले मात्र तो दिवस पाहायला उरला नाही. तो आदल्या वर्षीच वारला.

या चार नावांपलीकडे जे होते त्यांची नावे कोठेच नाहीत. १८६१ मध्ये या घाटात एका वेळी ४२,००० च्या वर माणसे काम करीत होती. बायका होत्या, पोरे होती. कड्यावर उभे राहायला जागा नसे तेथे माणसे दोरांनी खाली सोडीत. लोंबकळत ती सुरुंगाची भोके पाडीत. पटकीच्या साथी आल्या, हिवताप होता. हजारो माणसे मेली. घाट चढताना एकामागून एक बोगदे येतात आणि डब्यातली पोरे हौसेने आरडाओरडा करतात. करू द्यावा. मात्र एखाद्या बोगद्यात, अंधार आहे तोवर, एवढेच सांगावे की हा दगड सुरुंग, पहार आणि हात यांनी फोडलेला आहे.

घाटातल्या जुन्या मोटाररस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना वाट सापडेना, तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने आपल्या जनावरांची वाट त्यांना दाखवली आणि काम झाल्यावर त्यांनी त्याचा जीव घेतला, अशी कथा तेथे सांगतात. ही लोककथा आहे; वर्गात इतिहास म्हणून सांगू नये. पण टाकूनही देऊ नये. डोंगरातील वाट आधी जनावराच्या खुराला कळते, मग गुराख्याला, मग व्यापाऱ्याला, मग लष्कराला आणि सर्वांत शेवटी नकाशा काढणाराला. कथेने एका धनगराच्या नावावर ही सारी परंपरा घातली आहे.

आणि ही परंपरा किती जुनी? मळवलीच्या उत्तरेस कार्ल्याची लेणी, दक्षिणेस भाज्याची. भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरावयास आरंभ झाला. कार्ल्याच्या चैत्यगृहात देणगीदारांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे व्यापारी आहेत, स्वतःला यवन म्हणविणारे लोक आहेत, आणि दूरच्या वैजयंतीचा भूतपाल नावाचा श्रेष्ठीही आहे. ही माणसे डोंगरात वाट चुकून आली नव्हती. खाली कल्याण, सोपारा, चौल ही बंदरे आणि वर दख्खनची बाजारगावे यांच्यामधील माल या घाटांनी चढत-उतरत होता. चढून आलेल्या तांड्याला वर पहिला विसावा लागे तो या खोऱ्यात. लेणी आहेत ती विसाव्यापाशी. लोहगडाच्या कड्यातील एका लेण्यातही २०१९ मध्ये एक ब्राह्मी लेख उजेडात आला. त्याचा आरंभ अरिहंतांना नमन करून होतो. म्हणजे गड होण्याच्या आधीही या डोंगराला माणसांची सोबत होती.

आता गाडीत परत या. पळसदरी सोडल्यावर जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल अशी घाटातली ठाणी येतात. या टप्प्यात मुलांना डाव्या बाजूला बसवावे. उल्हास नदीची खोल दरी त्या बाजूला आहे आणि तिच्या पलीकडे जोडशिखरांचा किल्ला दिसतो, तो राजमाची. एक शिखर श्रीवर्धन, दुसरे मनरंजन. दरीतून वर येणारे मुंगीएवढे माणूसही त्या माथ्यावरून नजरेत येईल. येथे मुलांना बोलायची गरज पडत नाही. घाटाच्या तोंडावर राजमाची बसला आहे, हे त्यांना दिसते. मग खंडाळा, लोणावळे. गाडीची दमछाक संपते, आवाज बदलतो, जमीन सपाट होते. आणि अशा वेळी, पठारावर पाऊल पडल्या-पडल्या, समोर काय उभे राहते? लोहगड आणि विसापूर. त्यांच्या पाठीमागे पवनेच्या खोऱ्यात तुंग आणि तिकोना.

घाट चढून दमलेल्या फौजेच्या जागी स्वतःला ठेवून पहा. माणसे थकलेली, बैल मोडलेले, मागे दरी, पुढे अरुंद खोरे, आणि दोन्ही बाजूंना डोंगर. अशा वेळी डोंगरावरून पाचशे ताज्या दमाची माणसे उतरली तर? वडगावच्या तहाचा कणा म्हणतात तो हाच. एकोणीस हजार बैल एकदा चढवून आणले. ते पुन्हा उतरवायचे कसे, या धास्तीनेच अर्धी लढाई झाली होती.

शिवाजी महाराजांना १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. मिर्झा राजा जयसिंगाने मागून घेतलेल्या त्या यादीत लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे चारही आहेत. एकाच टापूतले चार किल्ले एकदम का मागितले, हे घाट चढून आलेल्या मुलाला विचारा, तो सांगेल. १६७० मध्ये महाराजांनी गेलेले किल्ले परत घ्यायला सुरुवात केली तेव्हा लोहगडही स्वराज्यात आला.

आता ज्याच्या जोरावर मी पुण्याकडच्या मंडळींनाही उलटे जायला सांगणार आहे, तो व्यवहाराचा भाग. पुण्याहून पहाटेची, कर्जतला थांबणारी मुंबईची गाडी धरावी, कर्जतला उतरावे, न्याहारी करावी, आणि मुंबईहून घाट चढणारी पुढची गाडी धरून लोणावळ्याला यावे. पुण्याहून कर्जत ब्याण्णव किलोमीटर. तिकिटाचा खर्च वाढतो, पहाटे उठावे लागते, आणि गडावर पोचायला दीड-दोन तास उशीर होतो. हे तोटे आहेत आणि मी ते झाकीत नाही. प्राथमिक शाळेच्या मुलांना हा खटाटोप करू नये. त्यांच्यासाठी थेट लोकलच बरी. पण आठवी ते दहावीची मुले असतील, तर हा उलटा प्रवास करावाच असे माझे मत आहे. माझ्या एका स्नेह्यांना हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटतो. "दाराशी असलेल्या देवाला कोणी खिडकीतून जाते का?" असे ते म्हणतात. त्यांना माझे उत्तर असे की, पुणे हे गडाचे परसदार आहे. पुढचे दार कोकणाकडे आहे.

ठाणे-रायगडकडच्या शाळांना हा प्रश्नच नाही. त्यांना फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. कर्जतपर्यंत लोकलने यावे आणि तेथून लोणावळ्याला थांबणारी गाडी धरावी. गर्दी असते, तेव्हा आरक्षण आधी पहावे. दुसरे असे की, लांब पल्ल्याच्या गाड्या मळवलीला थांबतील असे धरून चालू नये. लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल धरायची. पुढचेच स्टेशन मळवली. भर दुपारी या लोकलींमध्ये मोठे अंतर पडते, म्हणून वेळापत्रक पाहिल्याशिवाय बेत ठरवू नये. लोकल हुकली तर लोणावळ्याहून रिक्षा किंवा जीपने गडाच्या पायथ्याच्या लोहगडवाडीपर्यंत जाता येते, पण मग पायवाटेची मजा गेली.

मळवलीहून निघालात की काही मिनिटांत तुम्ही द्रुतगती महामार्ग ओलांडता. खाली मोटारींचा लोंढा वाहत असतो. हा रस्ता २००२ मध्ये पूर्ण झाला. पुढे भाजे गाव. लेण्यांना अर्धा तास द्यावा. कार्ले मात्र या दिवशी सोडून द्यावे. एका दिवसात कार्ले, भाजे, लोहगड आणि विसापूर असा चौफेर बेत आखणारे मास्तर मी पाहिले आहेत. मुलांना शेवटी आठवतात ते फक्त दुखणारे पाय. भाज्यावरून वाट गायमुख खिंडीला जाते. खिंडीच्या एका हाताला विसापूर, दुसऱ्या हाताला लोहगड. लोहगडाकडे वळावे.

गडावर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओळीने लागतात. वाट अशी नागमोडी नेली आहे की पहिल्या दरवाज्याशी आलेला शत्रू वरच्या तिन्हींच्या माऱ्यात येतो. यांतील हनुमान दरवाजा जुना; गणेश आणि नारायण हे नाना फडणिसांच्या वेळचे. नारायण दरवाज्यापाशी धान्य साठवायची भुयारे आहेत. नानांनी माथ्यावर मोठे तळे बांधविले आणि आपला खजिनाही या गडावर ठेवला. पुण्याच्या कारभाऱ्याला आपला पैसा शनिवारवाड्याजवळ न ठेवता घाटाच्या तोंडावर ठेवावासा वाटला, यात त्या काळच्या पुण्याचे राजकारण आले. १८०० मध्ये नाना वारले. त्यांनी नेमलेले किल्लेदार धोंडो बल्लाळ नित्सुरे यांनी पुढेही गड बाजीरावाच्या हाती जाऊ दिला नाही. नानांची तरुण पत्नी जिऊबाई गडावर होत्या. १८०३ मध्ये जनरल वेलस्ली मध्ये पडला तेव्हा हा पेच सुटला.

माथ्यावरून पश्चिमेकडे एक अरुंद सोंड गेली आहे. लांबी दीड किलोमीटरच्या आसपास, आणि आकार असा की तिचे नावच विंचूकाटा. तेथवर अवश्य जावे. कड्याच्या कडेला मुलांना जाऊ देऊ नये. ज्या पुणेकर शाळेला कर्जतचा फेरा जमला नाही, तिने निदान येथे उभे राहून लोणावळ्याकडे बोट दाखवावे आणि जमीन कोठे संपते ते सांगावे. उत्तरेला खाली पहा. इंद्रायणी, लोहमार्ग, मुंबई-पुण्याचा जुना रस्ता आणि नवा महामार्ग एकाच चिंचोळ्या खोऱ्यात एकमेकांना खेटून चालले आहेत. बैलगाड्यांसाठी घाटातला रस्ता गव्हर्नर माल्कमने १८३० मध्ये खुला केला, तोही याच खोऱ्यात उतरला. दोन हजार वर्षांत वाहने बदलली, वाट तीच राहिली.

पूर्वेला विसापूर दिसतो. तो लोहगडापेक्षा थोडा उंच आहे, आणि ती उंचीच शेवटी लोहगडाला भोवली. मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथर कोकणातून फौज घेऊन आला. यावेळी ४ मार्चला त्याने आधी विसापूर घेतला. वरून तोफा डागता येतील हे दिसताच दुसऱ्या दिवशी लोहगड रिकामा झाला. एवढ्या दरवाज्यांवर, एवढ्या तटांवर हल्ला करावाच लागला नाही. पुढे मे महिन्यात याच प्रॉथरने रायगड घेतला. मुलांना हा भाग आवडत नाही. त्यांना गड लढलेला हवा असतो. तरी सांगावा. वडगावची गोष्ट सांगायची आणि विसापूरची गाळायची, हा इतिहास नव्हे.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली, त्यांत लोहगड आहे. त्यामुळे गर्दी आणखी वाढेल. रविवार टाळता आला तर टाळावा, पाणी बरोबर न्यावे, आणि दोन-अडीचच्या सुमारास गड उतरायला लागावे.

परतीला पुण्याकडच्या मुलांना मळवलीहून थेट लोकल आहे. ठाणे-रायगडकडच्यांनी लोणावळ्याला येऊन मुंबईची गाडी धरावी. अंधार पडला असेल, दरी दिसणार नाही, निम्मी मुले झोपलेली असतील. पण जी जागी असतील त्यांना घाटातले थांबे मोजायला सांगा. उतरणारी गाडी ठरलेल्या जागी थांबते, ब्रेक लागतात याची खात्री करून घेते आणि मग पुढे सरकते. ब्रेक निकामी झालेच, तर गाडी वळवून घ्यायला बाजूला चढावर नेलेले रूळही ठेवलेले आहेत. असे थांबत थांबत पळसदरीचे दिवे आले की घाट उतरला. पुढे कर्जत, तेथे बिस्किटे आणि वडे मिळतात, आणि मुलांना भूक लागलेलीच असते.